पीक एकाचं, परवाना दुसऱ्याचा

मनमाड–सिकंदराबाद रेल्वेमार्गावर परभणी सोडलं की पुढचं स्टेशन पिंगळी. मग मिरखेल, मग पूर्णा. खिडकीबाहेर सपाट काळी जमीन लागते. पावसाळ्यात तिच्यावर सोयाबीन, कापूस, तूर; थंडीत ज्वारी आणि हरभरा. जंगल म्हणावं असं काही दिसत नाही, कारण ते नाहीच. राज्यात सर्वांत कमी वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांत परभणीची गणना होते. तरीही या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला पीक हाती येईपर्यंत आखाड्यावर जागल करावी लागते. रानडुकरांना ओढ्याकाठची वेडी बाभूळ आणि उभा ऊस एवढा आडोसा पुरतो. रोही, म्हणजे नीलगाय, तुरीत उभा राहिला तर दिवसाउजेडीही पटकन दिसत नाही. काळवीट तर मूळचंच मोकळ्या माळाचं जनावर. माळ नांगराखाली गेले, तसं ते शेतात आलं.

रात्रीतून डुकरांचा कळप भुईमुगात शिरला की सकाळी काय दिसतं, ते शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. माती तोंडानं हातभर उलटलेली असते. वेल मुळासकट बाजूला पडलेले, शेंगा फोडून दाणे खाल्लेले, टरफलं ओल्या मातीत दाबलेली. मध्ये मध्ये दोन खुरांचे ठसे, मोठ्या मादीचे खोल आणि त्यांच्याभोवती पिल्लांचे बारके. ज्वारीत तर खाण्यापेक्षा नासधूसच जास्त. कणसापर्यंत तोंड पोचावं म्हणून डुक्कर ताट अंगानं दाबून पाडतं, एक कणीस खातं आणि पुढच्या ताटाकडे वळतं. त्यात धान्य जातं आणि कडबाही जातो. हरणांची तऱ्हा वेगळी. सोयाबीन दोन-चार पानांवर असताना कळप शिरला, तर शेंडे खुडून मोकळा होतो आणि शेतकऱ्यावर दुबार पेरणीची वेळ येते. हे नुकसान पंचनाम्यात दाखवणं अवघड असतं. पाडलेलं पीक डोळ्यांना दिसतं. खुडलेलं पीक आठ दिवसांनी कमी उगवण झाल्यासारखं भासतं.

यावर लोक जमेल ते सगळं करतात. धुऱ्यावर खुंट्या रोवून जुन्या साड्या बांधतात. न्हाव्याच्या दुकानातले केस आणून शेताच्या कडेनं पसरतात. रात्रभर भोंगा लावतात, फटाके फोडतात, पाइपात कार्बाइड घालून बार काढतात. ज्याला परवडतं तो झटका मशीन बसवतो. बॅटरीवरच्या या तारेचा धक्का बसतो, पण जीव जात नाही. ज्यांना ते परवडत नाही, त्यांतला एखादा हताश होऊन थेट खांबावरचा करंट तारेत सोडतो. मग त्या तारेला डुकराआधी पहाटे पाणी द्यायला निघालेला सालगडी चिकटतो, किंवा शेजारचा शेतकरी. अशा मृत्यूंच्या बातम्या महाराष्ट्रात वारंवार येतात. तार लावणारा बहुतेक वेळा त्याच गावचा, त्याच भावकीतला असतो. एक घर माणूस गमावतं, दुसरं तुरुंगाच्या वाटेला लागतं.

हे सगळं करण्याऐवजी कायदेशीर परवानगी घेऊन जनावर मारण्याची सोय महाराष्ट्रात आहे. ती कुणाला मिळते, कुणाला वापरता येते आणि कुणाला कधीच वापरता येणार नाही, हा या लेखाचा विषय.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 मध्ये प्राण्यांच्या अनुसूची आहेत. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्यापासून माणसाच्या जिवाला धोका असेल, किंवा ते बरं न होण्याइतकं जखमी वा आजारी असेल, तरच राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक लेखी कारणं देऊन त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतात. पीक खाल्लं, हे कारण तिथे चालत नाही. रोही आणि रानडुक्कर पूर्वी तिसऱ्या अनुसूचीत होते. 2022 च्या दुरुस्तीनं अनुसूचींची फेरमांडणी केली आणि ते दुसरीत आले. ही दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. या दोघांसाठी कलम 11 मध्ये जास्तीची वाट आहे. उभ्या पिकाला धोका असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी शिकारीची परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्र शासनानं जुलै 2015 मध्ये निर्णय काढून रोही आणि रानडुकरांच्या बाबतीत ही प्रक्रिया खालच्या पातळीवर, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत आणली. शेतकऱ्यानं अर्ज करायचा, अधिकाऱ्यानं खात्री करायची आणि परवाना द्यायचा.

एकाच धुऱ्याच्या दोन बाजूंना दोन शेतं धरा. एकात डुकरं शिरतात, दुसऱ्यात काळवीट. दोघांचं नुकसान सारखंच. पहिल्याला निदान अर्ज करता येतो. दुसऱ्यानं संतापून जनावर मारलं तर किमान तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद, वर दंड. काळविटाला हे संरक्षण मिळायलाच हवं. गेल्या शतकात या माळरानी प्राण्याची जी बेसुमार कत्तल झाली, ती पाहता त्याबद्दल तक्रार करण्याचं कारण नाही. तक्रार इतकीच की त्या संरक्षणाचा खर्च कुणाच्या पदरातून जातो, याचा हिशेब कायद्यानं मांडलेला नाही. काळवीट देशाचं आहे. त्याचं पोट मात्र परभणी जिल्ह्यातला दोन-तीन एकरवाला भरतो.

शिकारीचा हक्क कुणाला, हा वाद या भागात जुना आहे. 1948 पर्यंत परभणी निजामाच्या राज्यात होतं. शिकार हा राजाचा, जहागीरदारांचा आणि त्यांच्या पाहुण्यांचा हक्क. रयतेनं हाकारे द्यायचे. ब्रिटिश मुलखात 1912 चा वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायदा होता, त्यात ठरावीक काळ शिकार बंद ठेवण्याची तरतूद होती. मुंबई राज्यानं 1951 मध्ये स्वतःचा वन्यप्राणी संरक्षण कायदा केला. मराठवाडा 1956 मध्ये मुंबई राज्यात आला. 1972 च्या केंद्रीय कायद्यातही सुरुवातीला शिकारीचे परवाने होतेच: विशेष शिकार, मोठी शिकार, छोटी शिकार आणि सापळ्यानं पकडणं, अशी त्यांची वर्गवारी होती. आज शेतकऱ्याची झोप उडवणारे रोही आणि रानडुक्कर तेव्हा मोठ्या शिकारीच्या यादीत होते. राज्याला बंदीचा काळ जाहीर करता येई. माद्या आणि पिल्लांच्या शिकारीवर वेगळं बंधन होतं. 1991 च्या दुरुस्तीनं परवान्यांची ही सगळी कलमं काढून टाकली. छंदासाठी शिकार भारतात तेव्हा संपली, आणि ते योग्यच झालं.

पण परवान्यांसोबत हंगामाचा विचारही कायद्यातून गेला. आज पिकासाठी दिलेल्या परवानगीत पिल्लं पोसणारी मादी कोणती, ती कोणत्या महिन्यात मारू नये, याचं बंधन अधिनियमात उरलेलं नाही. परवाना देणारा अधिकारी अटी घालू शकतो. घालेलच असं नाही.

हंगामाचा आणि वाटपाचा विचार याच मातीत फार पूर्वी झाला होता. तो राजानं केला नव्हता, ज्यांना पुढे गुन्हेगार ठरवलं त्यांनी केला होता. माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींचा अभ्यास केला. त्यांचा निबंध 1983 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना आढळलं की एकाच प्रदेशात फिरणाऱ्या तीन जमातींनी शिकार वाटून घेतली होती. तिरमल नंदीवाले कुत्र्यांच्या मदतीनं रानडुक्कर, साळिंदर, घोरपड मारत. वैदू लहान मांसभक्षी प्राणी धरत, शिवाय नदीतली कासवं आणि खेकडे. फासेपारध्यांचा भर हरणं, काळवीट आणि पाखरांवर. एकानं दुसऱ्याच्या शिकारीत हात घालायचा नाही. नंदीवाल्यांत तर कोणत्या कुटुंबानं कोणत्या गावांत फिरायचं हेही ठरलेलं असे, ते वारशानं चाले आणि तंटा झाला तर जातपंचायत निवाडा करी.

फासेपारध्याची रीत जवळून पाहण्यासारखी होती. दोरीला ओळीनं फास बांधायचे, दोरी जमिनीशी खुंट्यांनी घट्ट ताणायची. शिकवलेली गाय पुढे घालून, तिच्या आडून, ती चरत चालली आहे अशा बेतानं कळपाच्या जवळ जायचं. गाईला काळवीट बिचकत नाहीत. फास मांडून झाले की वळसा घालून दुसऱ्या अंगानं कळप त्या दिशेला काढायचा. फासात सापडलेलं जनावर जिवंत हाती येई, आणि इथेच नियम लागू होई: गाभण मादी किंवा पाडस असेल तर सोडून द्यायचं. गाडगीळांनी ही चाल नोंदवून ठेवली आहे. बंदुकीच्या गोळीला अशी सोडण्याची संधी नसते. अंधारात बॅटरीच्या झोतात चमकणारे डोळे नराचे की पिल्लाच्या आईचे, हे गोळी लागल्यावरच कळतं.

या लोकांना 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा बट्टा लागला. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला, पण गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी अजूनही आधी पारध्यांच्या पालाकडे वळते, हे मराठवाड्यात कुणालाही माहीत आहे. 1972 च्या कायद्यानं आणि 1991 च्या दुरुस्तीनं त्यांची उरलीसुरली विद्याही गुन्हा ठरली. ज्यांचा व्यवसाय गेला त्यांना दुसरा देण्याची जबाबदारी कायद्यानं घेतली नाही. आता त्याच जिल्ह्यांत जनावर आवरायला माणसं मिळत नाहीत म्हणून परगावचे नेमबाज शोधावे लागतात. या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा अन्याय हाच आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते.

वेगळं काही घडू शकतं याचं उदाहरण फार लांब नाही. अकोला आणि वाशिम जिल्ह्यांत कौस्तुभ पांढरीपांडे यांच्या ‘संवेदना’ या संस्थेनं फासेपारध्यांना सोबत घेऊन माळरानं आणि तणमोर पक्षी वाचवण्याचं काम उभं केलं. तणमोर कुठे उतरतो, गवत किती उंच झालं की घरटं करतो, हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं, त्यांचीच नजर तणमोराच्या राखणीला लागली. मध्य प्रदेशात पन्नाच्या जंगलात पारधी तरुण पर्यटकांना वाट दाखवतात. रानडुकरांचा माग काढणं, कळप कोणत्या ओढ्यात दिवस काढतो ते सांगणं, सापळा कुठे लावावा हे ठरवणं या कामांसाठी परभणीत अशी माणसं रोजंदारीवर, ओळखपत्र देऊन घेतली, तर त्यात बेकायदा काही नाही. कलम 11 खालची परवानगी फक्त मारण्याचीच असते असं नाही. पकडणंही कायद्याच्या भाषेत शिकारीतच मोडतं.

आता बंदुकीकडे येऊ. 2015 चा निर्णय शेतकऱ्याच्या हातात कागद देतो. जनावर मारायला शस्त्र लागतं, आणि शस्त्राचा परवाना 1959 च्या शस्त्र अधिनियमाखाली वेगळा काढावा लागतो. पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद त्या कायद्यात आहे. कोकणात अशा शेतीसंरक्षणाच्या बंदुका पिढ्यांपासून घरोघर आहेत. निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा करायच्या, आणि नेमकं भात पिकायच्या दिवसांत शेत उघडं पडलं म्हणून तिथले शेतकरी ओरड करतात. मराठवाड्यात ही परंपरा फारशी नाही. इथे बंदूक असते ती जुन्या वतनदाराच्या वाड्यात, पुढाऱ्याकडे, निवृत्त फौजीकडे किंवा बँकेच्या दारातल्या रखवालदाराकडे. म्हणजे परवाना निघतो नुकसान झालेल्याच्या नावानं आणि वापरतो तो ज्याच्याकडे बंदूक आहे तो. दोन एकरवाल्यानं मग त्या घरी जाऊन हात जोडायचे. तो आला तर आपल्या सवडीनं येतो, आणि आलेल्या माणसाचं मिंधेपण वर्षभर पुरतं. सरकारच्या दप्तरात मात्र मागेल त्याला परवाना मिळाला, अशी नोंद होते.

कागदावर समान असलेला हक्क जमिनीवर इतका असमान होतो तेव्हा नियमाचा हेतू चांगला होता हे सांगून भागत नाही.

अमेरिकेतल्या राज्यांनी हा प्रश्न दुसऱ्या टोकानं सोडवायचा प्रयत्न केला. तिथे शिकार हा सामान्य माणसाचा छंद आहे, परवाने मर्यादित आणि मागणी प्रचंड, म्हणून सोडत काढतात. न्यू मेक्सिको राज्यात शुद्ध सोडत आहे: 84 टक्के परवाने राज्यातल्या रहिवाशांना, 10 टक्के व्यावसायिक वाटाड्यांमार्फत येणाऱ्यांना, 6 टक्के बाहेरच्यांना. कोलोरॅडोत नंबर लागला नाही तर पुढच्या वर्षासाठी एक गुण जमा होतो आणि जास्त गुणवाल्याला आधी मिळतं. ऐकायला न्याय्य वाटतं. पण वर्षं गेली तशी गुणवाल्यांची रांग वाढत गेली आणि काही नावाजलेल्या भागांत एल्क हरणाच्या परवान्यासाठी वीस-वीस वर्षं थांबावं लागतं. आज पहिल्यांदा अर्ज करणाऱ्या तरुणाचा नंबर म्हातारपणी लागणार. कोलोरॅडोत शेतकऱ्यांसाठी वेगळा हिस्साही आहे. आपल्या जमिनीवर हरणं पोसतो म्हणून त्याला परवान्यात अग्रक्रम, आणि तो परवाना त्याला दुसऱ्याला देता येतो. मात्र त्यासाठी किमान 160 एकर शेतजमीन हवी. पिंगळीच्या शिवारात हे मोजमाप लावलं, तर अख्ख्या गावात एक माणूस सापडणं कठीण.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला सोडत नवी नाही. महाडीबीटी पोर्टलवर ट्रॅक्टर, ठिबक, अवजारं यांच्यासाठी संगणकीय सोडत कैक वर्षं निघत होती. 2025 पासून पहिला अर्ज त्याला आधी, अशी पद्धत आली. दोन्हींचे तोटे गावानं पाहिले आहेत. सोडतीत गरज बघितली जात नाही. आधी अर्ज करण्यात ज्याच्याकडे चांगला फोन, चालतं नेटवर्क आणि ओळखीचा सेवा केंद्रवाला, त्याचं फावतं. तरी वशिल्यापेक्षा सोडत बरी, हे मान्य करावं लागेल. पिकासाठीच्या शिकार परवान्याला मात्र दोन्ही पद्धती गैरलागू आहेत. तिथे नुकसान हाच निकष असायला हवा. किती गुंठ्यांत, किती वेळा, कोणत्या जनावरानं पीक नासवलं, याची नोंद बोलली पाहिजे.

जर्मनीची पद्धत या दृष्टीनं जास्त उपयोगी आहे. तिथे सलग 75 हेक्टर जमीन असलेल्याला स्वतःचं शिकारक्षेत्र मिळतं. त्याहून लहान सगळे शेतकरी आपोआप गावाच्या शिकार सहकारी मंडळाचे सभासद होतात. हे मंडळ किमान 150 हेक्टरचं क्षेत्र शिकाऱ्यांना भाडेपट्ट्यानं देतं. भाडं सभासदांत वाटलं जातं. आणि रानडुकरानं किंवा हरणानं पीक खाल्लं, तर भरपाई त्या मंडळानं द्यायची, जी बहुधा करारानं शिकाऱ्याच्या माथी येते. शेतकऱ्यानं नुकसान कळल्यापासून आठवडाभरात तक्रार करायची. ज्याला शिकारीचा हक्क, त्यालाच नुकसानीचा भार. ही सांगड तिथल्या कायद्यानं घातली. भारतात भाड्यानं शिकार द्यावी असं कुणी सुचवू नये, हा लेखही सुचवत नाही. घेण्यासारखी गोष्ट म्हणजे लहान शेतकऱ्यांची मोट बांधून त्यांना एक पक्ष मानणं. आपल्याकडे प्रत्येक शेतकरी एकटा अर्ज करतो, एकटा हेलपाटे घालतो आणि एकटाच कंटाळतो. डुकरांचा कळप मात्र एका रात्रीत चार गटांच्या शेतांतून फिरतो.

देशात दुसरीकडे काय चाललं आहे? केंद्र सरकारनं कलम 62 खाली बिहारमधल्या काही जिल्ह्यांत रोही आणि रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर, हिमाचलात माकड यांना ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी ठरवलं. जून 2016 मध्ये बिहारच्या मोकामा भागात हैदराबादहून आलेल्या नेमबाजांनी काही दिवसांत दोनशेच्या वर रोही मारले. त्यावरून केंद्रीय मंत्रिमंडळातच जाहीर वाद झाला. मेनका गांधींनी पर्यावरण मंत्रालयावर कडक टीका केली. उपद्रवी ठरवण्याच्या मार्गात परवाना, नोंद, जबाबदारी सगळंच गळून पडतं. जिथे मोजदादच नाही तिथे किती मारले म्हणजे पुरे, हे कोण ठरवणार? केरळनं वेगळी वाट धरली. मे 2022 मध्ये तिथल्या सरकारनं ग्रामपंचायतींच्या आणि नगरपालिकांच्या प्रमुखांना मानद वन्यजीव रक्षकाचे अधिकार दिले, शस्त्र परवानाधारकांची यादी करायला सांगितलं आणि त्या यादीतल्या नेमबाजाला रानडुक्कर मारण्याचं काम पंचायत सोपवते. त्याचा मोबदला सार्वजनिक पैशातून मिळतो. वाड्यावर जाऊन हात जोडण्याची गरज उरत नाही. केरळची पद्धत निर्दोष नाही, नेमबाज तिथेही अपुरे पडतात. पण बंदूक आणि नुकसान यांच्यातलं अंतर भरण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न आहे.

काळविटासाठीही वाट आहे. मध्य प्रदेशनं 2025 च्या दिवाळीच्या सुमारास शाजापूर भागातल्या शेतांतून आठशेहून अधिक काळवीट आणि काही डझन रोही पकडून गांधीसागर अभयारण्य, कुनो राष्ट्रीय उद्यान अशा ठिकाणी सोडले. नरसाळ्यासारखं निमुळतं होत जाणारं कापडी कुंपण उभारायचं आणि हेलिकॉप्टरनं कळप हळूहळू आत वळवायचा, ही आफ्रिकेतली पद्धत. खर्च मोठा, तयारी मोठी. पण शाजापूरच्या शेतकऱ्यासाठी तिथलं सरकार हेलिकॉप्टर आणू शकतं, हे पाहिल्यावर परभणी जिल्ह्यातल्या शेतकऱ्यानं हरणं हाकलायला नुसत्या साड्या बांधत बसावं, हे पटत नाही.

मारणं आणि पकडणं झालं, राहिली भरपाई. राज्याच्या नियमांप्रमाणे नुकसान झाल्यापासून तीन दिवसांत वनखात्याकडे तक्रार करायची, मग वन, कृषी आणि ग्रामपंचायतीचे कर्मचारी मिळून पंचनामा करतात. 2015 च्या दरानुसार दहा हजारांपर्यंतचं नुकसान पूर्ण, त्यापुढच्या रकमेच्या 80 टक्के, आणि एकूण कमाल पंचवीस हजार. पुढे रकमा वाढल्या, पण चौकट तीच. तीन दिवस थोडे नाहीत, असं कार्यालयात बसून वाटेल. सोयाबीन काढणीला आलेलं, मजूर ठरलेले, आभाळ भरून आलेलं, अशा तीन दिवसांत सातबारा काढून तालुक्याला जायचं असतं. आणि सातबारा ज्याच्या नावावर, भरपाई त्याला. परभणीकडे कितीतरी जमीन बटईनं किंवा ठोक्यानं कसली जाते. बियाणं बटईदाराचं, जागल बटईदाराची, डुकरांनी खाल्लेलं पीक त्याचं. अर्जावर सही मात्र मालकाची, जो कधी पुण्यात असतो, कधी संभाजीनगरात. घरची शेती बाईच करते आणि सातबाऱ्यावर तिचं नाव नाही, अशा घरांतही हेच घडतं. ई-पीक पाहणी 2021 पासून राज्यभर सुरू आहे. शेतात कोणतं पीक आहे हे मोबाईलवरून नोंदवता येत असेल, तर ते कोण कसतं हे नोंदवायला तांत्रिक अडचण नाही. अडचण आहे ती कुळाची नोंद नको असलेल्या मालकांची.

कुंपणाच्या अनुदानातही गावागावांत असाच फरक पडतो. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना 2015 मध्ये सुरू झाली ती व्याघ्र प्रकल्पांच्या कडेच्या गावांसाठी. पुढे तिच्यात अभयारण्यांजवळची गावंही आली. वाघाशेजारी राहणाऱ्या माणसाचा हक्क पहिला, यात वाद नाही. पण पिंगळीसारख्या गावांच्या शेजारी वाघ नाही, अभयारण्य नाही, आणि रानडुक्कर मात्र आहे.

या सगळ्यात एक नवी तारीख आली आहे. केंद्रीय कृषी मंत्रालयानं नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केलं की 2026 च्या खरिपापासून पंतप्रधान पीक विमा योजनेत वन्य प्राण्यांनी केलेल्या नुकसानीला संरक्षण मिळेल. शेतकऱ्यानं 72 तासांत ॲपवर फोटोसह माहिती द्यायची. कोणते प्राणी धरायचे आणि कोणते जिल्हे किंवा विमा घटक बाधित मानायचे, हे राज्यानं आधीच्या नोंदी पाहून ठरवायचं. परवाना, भरपाई, कुंपण या सगळ्यांवर याचा परिणाम होणार आहे. ज्या गावांनी हेलपाट्यांना कंटाळून वर्षानुवर्षं तक्रारीच केल्या नाहीत, त्यांच्या नावावर दप्तरात नुकसान शून्य दिसतं. विदर्भातल्या जंगलकाठच्या गावांत तक्रार करण्याची सवय आहे, वनरक्षक ओळखीचा आहे. परभणी, पूर्णा, मानवत, सेलूच्या पट्ट्यात वनखात्याचं कार्यालय कुठे आहे हेच अनेकांना माहीत नसतं.

म्हणून मृगाच्या आधीच्या ग्रामसभेत पिंगळीनं आणि आसपासच्या गावांनी एक वही उघडावी. गट नंबर, पीक, जनावर, तारीख, कसणाऱ्याचं नाव, आणि खाली सरपंचाची व कृषी सहायकाची सही. त्याच सभेत ठराव करून जिल्ह्यातल्या शस्त्र परवानाधारकांची यादी वनखात्यानं गावाला द्यावी, नेमबाजाचा मोबदला सरकारनं उचलावा, पिल्लांसोबतच्या माद्या वगळण्याची अट परवान्यातच छापावी, आणि माग काढण्याच्या कामावर पारधी वस्तीतल्या तरुणांना आधी बोलवावं, ही मागणी पाठवावी. काळविटाची नोंद वेगळ्या पानावर ठेवावी, कारण काळवीट पकडून हलवण्याची मागणी मुंबईहून पुढे दिल्लीपर्यंत जाणार आहे. विमा घटकांची यादी करताना अधिकारी गावात येणार नाहीत, कागद पाहतील. पिंगळीचा कागद त्या दिवशी त्यांच्या टेबलावर असला पाहिजे.